बंद झालेल्या पार्टची फाइल: मोजण्यापासून दुसऱ्याच्या गाडीत बसेपर्यंत

ओडोमीटरमधला अंगठ्याच्या नखाएवढा प्लॅस्टिकचा गिअर एके दिवशी भुगा होतो. वेगाचा काटा नीट चालतो, किलोमीटरचे आकडे मात्र जागच्या जागी थांबतात. पार्ट नंबर घेऊन विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं: तो बनवणं केव्हाच बंद झालं, साठाही संपला, आता अख्खं मीटरच बदला. एका गिअरपायी चांगलं मीटर टाकून देणं ज्याच्या जिवावर येतं, तो मग कॅलिपर (जबड्यात धरून माप घ्यायचं साधन) हातात घेतो, कॉम्प्युटरवर गिअर काढतो, थ्रीडी प्रिंटरवर छापतो आणि जमलं की फाइल सगळ्यांसाठी खुली करतो.

फाइल खुली करण्याचं हे शेवटचं काम बहुतेक जण घाईत उरकतात. मी उतरवून घेतलेल्या कितीतरी फाइलींत आकार देखणा होता, पण माप मिलिमीटरमध्ये की इंचात, गाडी कुठल्या सालची, छापायचं कशात, बसवून पाहिलं होतं की नाही, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. अशी फाइल घेणाऱ्याला सगळं मोजमाप पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून मी एक कसोटी धरून चालतो. ज्याने मूळ पार्ट कधी पाहिलेला नाही आणि ज्याला मला विचारण्याची सोय नाही, त्याला माझ्या फाइलीवरून पार्ट बनवता आला पाहिजे, बसवता आला पाहिजे आणि माझं काही चुकलं असेल तर दुरुस्तही करता आला पाहिजे.

पायरी १: काम हातात घ्यायचं का, ते ठरवा

पार्ट खरोखरच मिळत नाही का, हे आधी बघा. कंपन्या पार्ट नंबर बदलतात. जुना नंबर बंद दिसतो आणि तोच पार्ट नव्या नंबराने मिळत असतो. स्विच, कुलपं, बुश, क्लिपा अशा गोष्टी गाडीची कंपनी बहुधा बाहेरून घेते आणि त्याच पुरवठादाराचा तोच पार्ट दुसऱ्या एखाद्या मॉडेलमध्येही असतो. पार्ट उलटा करून मागच्या बाजूचे साच्यातले आकडे आणि खुणा भिंगाखाली वाचा. यात दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील, पुढचे दोन महिने वाचू शकतात.

मग स्वतःला विचारा, हा पार्ट चालत्या गाडीत मोडला तर काय होईल? ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट, एअरबॅग आणि दाबाखालचं इंधन यांच्याशी संबंध असेल तर त्याची छापायची फाइल देऊ नका. मापांची नोंद ठेवा, ड्रॉइंग करा, पण ते काम योग्य धातूत, चाचणीची सोय असलेल्या कारखान्यातच व्हावं. पोर्शेच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या विभागाने २०१८ मध्ये ९५९ या गाडीचा क्लच रिलीज लिव्हर स्टीलची भुकटी लेसरने वितळवून, थरावर थर चढवून बनवल्याचं जाहीर केलं. ही गाडी बनलीच मुळी २९२. तरीही त्या एका लिव्हरवर जवळजवळ तीन टनांचा भार देऊन पाहिला, आत कुठे पोकळी राहिली नाही ना हे टोमोग्राफीने तपासलं आणि मग गाडीत बसवून चालवला. घरच्या प्रिंटरवर काम करणाऱ्याकडे यातलं काहीही नसतं. आपल्यासाठी काम भरपूर उरतं: डॅशबोर्डच्या कडा, एसीच्या झडपा, नॉब, काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतल्या सरकत्या क्लिपा, वायरिंगचे धारक, मीटरमधले गिअर, गॅस्केटं.

पायरी २: मोजमाप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फाइलीची खरी किंमत इथेच ठरते.

हातातला तुटका पार्ट जुना झालेला आहे, ही गोष्ट विसरू नका. तीस-चाळीस वर्षांत प्लॅस्टिक आकसतं, वाकतं, जिथे घासलं जातं तिथे झिजतं. जमल्यास दोन-तीन नमुने मिळवा, न वापरलेला एखादा मिळाला तर उत्तम. झीज न पोचलेल्या जागा शोधा: वॉशरखाली झाकलेला भाग, क्लिपच्या मागची बाजू, कधीच न टेकलेली कड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पार्ट ज्यात बसतो ती जागा मोजा. धारक तुटला असेल, पण तो ज्या पत्र्याच्या भोकात अडकायचा ते भोक धातूचं आहे आणि सहसा आहे तसंच आहे. डावा पार्ट गेला असेल तर उजवा काढून त्याची मापं घ्या; मात्र दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या आहेत, असं गृहीत धरू नका.

प्रत्येक माप तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. डिजिटल कॅलिपर ०.०१ मिमी दाखवतो म्हणून तो तितका अचूक असतो असं नाही, आणि मऊ प्लॅस्टिक तर त्याच्या जबड्यात दबतं. दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर थेट मोजता येत नाही, म्हणून ते दोन्हीकडून काढावं. समजा भोकं ५.२ मिमीची आहेत, आतल्या कडांमधलं अंतर ३८.७ आणि बाहेरच्या कडांमधलं ४९.१. पहिल्यात ५.२ मिळवले की ४३.९, दुसऱ्यातून वजा केले तरी ४३.९. दोन्ही जुळलं म्हणजे माप पक्कं. आता डोकं चालवायचं. मूळ ड्रॉइंग करणाऱ्याने ४३.९ असा आकडा निवडला असेल का? बहुधा ४४ असेल आणि प्लॅस्टिक थोडं आकसलं असेल. फाइलीबरोबर दोन्ही आकडे द्या: मोजलेला इतका, धरलेला इतका, अमुक कारणाने. तुमचा अंदाज चुकला तर पुढच्या माणसाला नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं.

सुरुवातीच्या त्या गिअरकडे वळू, कारण सगळ्यात जास्त चुका मला याच पार्टमध्ये दिसतात. लोक गिअर स्कॅन करतात किंवा फोटोवरून दाते गिरवतात. त्यात झिजलेले, तिरपे झालेले दाते जसेच्या तसे उतरतात. दात्यांचा आकार गिरवायची गरजच नाही. तीन आकडे कळले की तो आपोआप ठरतो. पहिला दात्यांची संख्या, दुसरा मॉड्यूल (दाता किती मोठा ते सांगणारं माप), तिसरा दाबकोन (दाते एकमेकांना ज्या कोनात रेटतात तो). तुटलेल्या दात्यांच्या जागा धरून मोजले तर समजा २० दाते आहेत. टोकापासून समोरच्या टोकापर्यंत व्यास भरला १७.५ मिमी. साध्या सरळ दात्यांच्या गिअरमध्ये मॉड्यूल म्हणजे बाहेरचा व्यास भागिले दाते अधिक दोन; १७.५ ला २२ ने भागलं की ०.७९५ येतं. प्रमाणित मॉड्यूल ०.८ आहे, म्हणजे मूळ व्यास १७.६ असणार. याला ताडून बघायची सोय मीटरमध्येच असते. जोडीच्या गिअरला १६ दाते असतील तर दोन्ही दांड्यांच्या केंद्रांतलं अंतर ०.८ गुणिले ३६ भागिले २, म्हणजे १४.४ मिमी असलं पाहिजे. दांड्या धातूच्या असतात, त्या झिजल्या तरी फारशा हलत नाहीत. तिथे १४.४ सापडलं की निर्धास्त व्हा. दाबकोन सहसा २० अंश असतो, जुन्या यंत्रांत साडेचौदाही सापडतो. दोन्ही छापून जोडीच्या गिअरवर हाताने फिरवा, चुकीचा लगेच अडखळतो. दात्यांची संख्या विषम असेल तर एक सांभाळा: एका दात्याच्या समोर दुसऱ्या बाजूला खाच येते, त्यामुळे कॅलिपर नेहमी कमी माप दाखवतो.

आट्यांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. एम६, म्हणजे ६ मिमी व्यासाच्या मेट्रिक स्क्रूच्या आट्यांचं अंतर १ मिमी असतं. पाव इंची, इंचाला २० आटे असलेल्या स्क्रूचा व्यास ६.३५ आणि आट्यांचं अंतर १.२७ मिमी. दोन्ही हातात घेतले तर सारखेच वाटतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थचे आटे भेटतात. त्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. आट्यांचा गेज लावा आणि उजेडासमोर धरून फट दिसते का बघा.

गॅस्केटसारखी सपाट वस्तू साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर छान निघते. शेजारी आडवी आणि उभी अशा दोन स्टीलच्या पट्ट्या ठेवून स्कॅन करा, कारण काही स्कॅनर एका दिशेने किंचित ताणतात. वळणदार पार्टला थ्रीडी स्कॅनरची मदत होते. चकचकीत किंवा काळ्या पृष्ठभागावर उडून जाणारा मॅट स्प्रे मारावा लागतो. स्कॅन म्हणजे त्रिकोणांचं जाळं, त्याला कच्चा माल समजा. त्यावर आधार धरून सपाट पृष्ठभाग, दंडगोल आणि भोकं नव्याने काढा आणि महत्त्वाची मापं कॅलिपरनेच घ्या.

पायरी ३: मॉडेल

मॉडेल असं बांधा की एक आकडा बदलला की बाकीचं आपोआप सरकेल. मापांना नावं द्या: ‘पिनचा व्यास’, ‘क्लिपची जाडी’, ‘भोकांचं अंतर’. फ्रीकॅड हे कॅड (कॉम्प्युटरवर मापाने आकार काढायचं) सॉफ्टवेअर यासाठी चांगलं आहे. ते विनामूल्य आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली, आणि तुमची मूळ फाइल उघडायला समोरच्याला काही विकत घ्यावं लागत नाही. तुमचा हात दुसऱ्या सॉफ्टवेअरवर बसलेला असेल तर तेच वापरा, फक्त पुढे सांगितलेलं स्टेप रूप नक्की द्या.

एक चूक मी स्वतः बराच काळ करत होतो. माझ्या प्रिंटरवर भोकं लहान येतात, म्हणून मी मॉडेलमध्येच ती ०.३ मिमी मोठी काढायचो. पार्ट माझ्याकडे नीट बसायचा. तीच फाइल घेऊन एकाने अॅल्युमिनियममध्ये काम करून घेतलं आणि सगळी भोकं सैल निघाली. त्याचे पैसे आणि वेळ माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून मॉडेलमध्ये पार्टचं खरं माप राहतं, आणि प्रिंटरसाठीची मोकळीक ‘प्रिंट मोकळीक’ नावाच्या वेगळ्या आकड्यात, ज्याला शून्य करता येतं.

आतल्या कोपऱ्यांना थोडी गोलाई द्या. छापलेला पार्ट तडकतो तो बहुतेक वेळा तिथूनच.

पायरी ४: कुठल्या रूपात द्यायची

थ्रीडी प्रिंटिंगमध्ये सर्रास दिसणारं एसटीएल हे फाइलीचं रूप १९८७ पासूनचं. त्यात फक्त त्रिकोण असतात आणि एकक मुळीच नसतं. ४४ म्हणजे ४४ मिमी की ४४ इंच, हे फाइलीला ठाऊक नसतं. म्हणूनच कुणाकडे तरी पार्ट २५.४ पट लहान किंवा मोठा उघडतो. शिवाय एसटीएलमधलं भोक नंतर दुरुस्त करणं म्हणजे मोठीच कटकट. थ्रीएमएफ या दुसऱ्या रूपात एकक साठवलं जातं, छापण्यासाठी ते बरं. बदल करण्यासाठी मात्र स्टेप द्या. हे आयएसओ १०३०३ या मानकातलं रूप आहे, त्यात खरे पृष्ठभाग आणि दंडगोल राहतात आणि जवळजवळ प्रत्येक कॅड सॉफ्टवेअर ते वाचतं. गॅस्केट आणि पत्र्याच्या कामाला डीएक्सएफ हे सपाट ड्रॉइंगचं रूप.

म्हणजे गठ्ठ्यात सॉफ्टवेअरची मूळ फाइल, स्टेप, थ्रीएमएफ आणि मापं लिहिलेलं एक पानी पीडीएफ ड्रॉइंग असं सगळं हवं. ड्रॉइंगवर एक ओळखीचं माप ठळक लिहा, ‘या कडेपासून त्या कडेपर्यंत ८४.० मिमी’ असं. फाइल उघडणारा आधी ते तपासेल. कुठलं माप काटेकोर हवं आणि कुठलं ढिलं चालेल हेही सांगा. बाकीच्यांसाठी ‘आयएसओ २७६८ मध्यम’ (मापात किती फरक चालेल ते ठरवणारं मानक) एवढं लिहिलं तरी कारखान्यातल्या माणसाला पुरतं. त्यात ३० ते १२० मिमीच्या मापाला अधिक-उणे ०.३ मिमी चालतं.

पायरी ५: कशात बनवायचं

२०२५ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर विमानतळावर कोझी मार्क ४ हे घरबांधणीचं छोटं विमान उतरताना कोसळलं. इंजिनाला हवा पुरवणारी प्लॅस्टिकची कोपरी मऊ पडून चेपली आणि इंजिनाची ताकद गेली. ही कोपरी थ्रीडी प्रिंट केलेली होती आणि एका एअर शोमध्ये विकत घेतलेली. मालकाच्या समजुतीप्रमाणे ती कार्बन फायबर घातलेल्या एबीएस या प्लॅस्टिकची होती, जे साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाने नमुने तपासले तेव्हा आकडे आले ५२.८ आणि ५४. कुणालाही कळलं नव्हतं की हातातलं प्लॅस्टिक कुठलं आहे. ही घटना विमानाची असली तरी बॉनेटखाली याहून वेगळं काही घडत नाही.

छापायच्या प्लॅस्टिकांचं मऊ पडण्याचं तापमान ढोबळमानाने असं: पीएलए ६० अंश, पीईटीजी ८० च्या आसपास, एबीएस आणि एएसए १०० च्या आसपास, पॉलिकार्बोनेट १४५ च्या पुढे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७०-८० अंशांपर्यंत तापू शकतो, त्यामुळे पीएलए फक्त माप बसतंय का हे बघण्यापुरतं. ऊन लागणाऱ्या पार्टला एएसए घ्यावं, एबीएस उन्हाने ठिसूळ होतं. गिअर आणि सरकत्या क्लिपांना नायलॉन चांगलं, पण ते हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. छापण्याआधी वाळवा आणि बसवण्याआधी पुन्हा मोजा. कार्बन फायबर घातल्याने प्लॅस्टिक ताठ होतं, पण त्याचं मऊ पडण्याचं तापमान तेवढ्याने वाढत नाही. रिळावरच्या नावाचीही खात्री करा: पातळ पट्टी छापून ८० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि चिमट्याने वाकवा. एबीएस म्हणून घेतलेली पट्टी तिथे लोळागोळा झाली तर ते एबीएस नव्हे.

थर कुठल्या दिशेने हवेत, हेही फाइलीत लिहा, शक्यतो फोटो काढून. क्लिप उभी छापली तर थर नेमके वाकण्याच्या जागी येतात आणि ती पहिल्याच दाबाला मोडते. तीच आडवी छापली तर वर्षानुवर्षं टिकते.

पायरी ६: बसवून पाहा, आणि खरं तेच लिहा

पूर्ण पार्ट छापण्याआधी फक्त जोडाची जागा छापा: दोन भोकांची पट्टी, क्लिपचं टोक, दांडीवर बसणारं भोक. वीस मिनिटांच्या तुकड्याने चार तासांची चूक टळते. मग पूर्ण पार्ट बसवा, गाडी वापरा, महिनाभराने पुन्हा उघडून बघा.

फाइलीवर तीनपैकी एक शेरा हवा: फक्त काढली आहे; छापून बसवली आहे; अमुक काळ वापरात आहे. न बसवलेली फाइल देण्यात काही गैर नाही, ती तशी असल्याचं न सांगण्यात आहे.

पायरी ७: माहितीचं पान

फाइलीच्या नावात पार्ट नंबर, गाडीचं मॉडेल, बाजू आणि आवृत्ती असू द्या. ‘गिअर फायनल नवीन’ हे नाव सहा महिन्यांनी तुम्हालाही काही सांगणार नाही. सोबतचं पान मी साधारण असं लिहितो:

‘ओडोमीटरचा मधला गिअर. मूळ पार्टवरचा नंबर फोटोत. सरळ दाते २०, मॉड्यूल ०.८, दाबकोन २० अंश. बाहेरचा व्यास मोजलेला १७.५, धरलेला १७.६, जोडीच्या १६ दात्यांच्या गिअरबरोबर केंद्रांतर १४.४ ने ताडला. दांडीचं भोक धातूच्या दांडीवरून, दोन मीटरमधून मोजलं. नायलॉनमध्ये, आडवा ठेवून छापला. प्रिंट मोकळीक ०.१५, शून्य करता येते. एका गाडीत सात महिने वापरात. दुसऱ्या कुठल्या मीटरमध्ये बसतो का, तपासलेलं नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका.

पायरी ८: हक्क आणि परवाना

मोजमाप स्वतः करा. कंपनीची कॅड फाइल किंवा ड्रॉइंग कुठून हाती लागलं तर ते पुढे पाठवू नका, ते दुसऱ्याचं काम आहे. पेटंट साधारणपणे अर्जापासून २० वर्षं चालतं. दिसण्यावरचा डिझाइन हक्क देशादेशांत वेगळा असतो. युरोपीय संघात तो जास्तीत जास्त २५ वर्षं टिकतो आणि दुरुस्तीसाठी लागणाऱ्या, मूळ गाडीशी दिसायला जुळावेच लागतील अशा सुट्या भागांना २०२४ च्या नव्या कायद्यात सवलत आहे. ट्रेडमार्क मात्र नूतनीकरण होत राहिलं तर संपतच नाही. म्हणून नॉबवरचं कंपनीचं चिन्ह मॉडेलमधून काढून टाका, आणि पार्टवर कुठेतरी बारीक अक्षरांत ‘पुनर्निर्मित’ कोरा, म्हणजे पुढे कुणी तो मूळ म्हणून विकणार नाही.

परवाना स्पष्ट लिहा, कारण तो नसेल तर घेणाऱ्याला काय करायची मुभा आहे हेच कळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार खुल्या परवान्यांमधला ‘बदल करू नका’ असं म्हणणारा प्रकार पार्टसाठी निरुपयोगी आहे. चूक सापडली तरी सुधारलेली फाइल कुणाला वाटता येत नाही. ‘व्यापारी वापर नको’ हेही मी टाळतो. ज्याच्याकडे प्रिंटर नाही त्याने छापणाऱ्याला पैसे देऊन पार्ट करून घ्यावा, हे मला हवंच आहे. मी श्रेय द्या आणि सुधारणा याच अटींवर खुल्या ठेवा, एवढंच सांगणारा प्रकार वापरतो. वस्तूंच्याच डिझाइनसाठी लिहिलेला, सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा ओपन हार्डवेअर परवानाही आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०२० ची, आणि अटी किती कडक हव्यात त्याप्रमाणे तिचे तीन प्रकार मिळतात.

पायरी ९: दिल्यानंतर

फाइल दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवा आणि तिसरी प्रत घरी. साइटी बंद पडतात, खाती विसरली जातात. प्रत्येक बदलाला नवा आवृत्ती क्रमांक आणि एका ओळीत कारण द्या. धोक्याची चूक सापडली तर जुनी फाइल गुपचूप काढू नका. तिच्या जागी ‘ही वापरू नका, कारण अमुक’ अशी ठळक सूचना लावा, कारण ज्याने ती आधीच उतरवली आहे तो परत आला तर त्याला ते दिसलं पाहिजे.

फाइल घेणाऱ्याकडून नुसते आभार मागू नका. बसली का, कुठल्या सालच्या गाडीत, कशात छापली आणि कुठे घासून घ्यावी लागली, हे विचारा. त्या गिअरची माझी फाइल आता चौथ्या आवृत्तीत आहे. दुसरी आवृत्ती निघाली ती एकाने फोटो पाठवल्यामुळे: त्याच्या मीटरमधली दांडी गोल नव्हती, एका बाजूने सपाट तासलेली होती. तिसरीत मी भोकाचे दोन्ही प्रकार दिले. चौथी ज्याने केली त्याला मी ओळखतही नाही. त्याने न वापरलेला मूळ गिअर मिळवून मोजला, १७.५८ मिमी भरला, आणि पानावरच्या माझ्या ‘धरलेला १७.६’ या शब्दांपुढे ‘ताडून पाहिला’ असं लिहून फाइल परत पाठवली.